प्रोग्रेसिव्ह रॉक १९७७ मध्ये संपले काय? एक पियानो, एक ड्रमसंच आणि कालखंडाचा प्रश्न

ब्रिटिश लोकप्रिय संगीताच्या इतिहासात १९७७ या सनाकडून फार मोठे काम करून घेतले जाते. त्या वर्षी पंक आले आणि प्रोग्रेसिव्ह रॉक मेले, असे एक वाक्य पुस्तकांतून, माहितीपटांतून आणि असंख्य लेखांतून फिरत असते. वीस-वीस मिनिटांच्या रचना, वाद्यांचे डोंगर आणि रंगमंचावरचा थाट हे सारे तीन मिनिटांच्या रागीट गाण्यांनी एका हंगामात पुसून टाकले, अशी ही कथा आहे. ती सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे थोडे संशयाने पाहिले पाहिजे.

या धाग्याचा विषय आहे तिला अडचणीत आणणारा एक पुरावा. १९८३ साली 'म्युझिक फॉर पियानो अँड ड्रम्स' या नावाची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. वादक दोनच : पियानोवर स्वित्झर्लंडचे पॅट्रिक मोराझ आणि ड्रम्सवर इंग्लंडचे बिल ब्रुफर्ड. गायक नाही, गिटार नाही, बास नाही. ज्या सिंथेसायझरमुळे मोराझ यांचे नाव झाले होते, तोही नाही. शीर्षकात अलंकार नाहीत. तबकडीत काय आहे तेवढेच ते सांगते. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या इतिहासांत या तबकडीची वासलात बहुधा दोन नामवंत वादकांचा जॅझचा छंद म्हणून लावली जाते. ही वासलात चुकीची आहे. या तबकडीला इतिहासात नीट जागा द्यायची, तर १९७७ ची भिंत पाडावी लागते, आणि कदाचित म्हणूनच तिला जागा दिली जात नाही.

नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही तरुण वादकांनी रॉक संगीताची चौकट ताणायला सुरुवात केली. कडवे आणि ध्रुवपद यांच्या जागी लांबलचक, खंडांत विभागलेल्या रचना आल्या. युरोपीय अभिजात संगीत, जॅझ आणि चर्चमधील ऑर्गन यांचे संस्कार त्यांत मिसळले. येस, किंग क्रिमसन, जेनेसिस, इमर्सन लेक अँड पामर ही त्यातली ठळक नावे. चार मात्रांच्या सरळ ठोक्याऐवजी पाच, सात, अकरा मात्रांची आवर्तने वापरली जाऊ लागली. रूपकाच्या सात मात्रा ज्यांच्या कानांत लहानपणापासून आहेत, त्यांना यात क्रांती कोठे आहे असे वाटेल. पण नाचण्यासाठी जन्मलेल्या रॉक संगीतात, जेथे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी पडलीच पाहिजे, तेथे हा मोठा बंडखोरपणा होता.

ब्रुफर्ड या बंडाच्या अगदी केंद्रस्थानी होते. १९६८ मध्ये येसची स्थापना झाली तेव्हापासून ते त्या संघात होते. १९७१ च्या 'फ्रॅजाइल' या तबकडीत प्रत्येक सदस्याने आपली एकेक रचना द्यावी असे ठरले, तेव्हा त्यांनी दिलेली रचना चाळीस सेकंदांहूनही लहान होती. लांबीसाठी बदनाम असलेल्या संगीतप्रकारातील हा एक मिस्कील दस्तऐवजच म्हणावा. १९७२ च्या 'क्लोज टू द एज' मध्ये सुमारे एकोणीस मिनिटांची शीर्षकरचना आहे. ती तबकडी पूर्ण झाली, संघ यशाच्या शिखरावर पोचला, आणि नेमके तेव्हाच ब्रुफर्ड यांनी येस सोडले. ते रॉबर्ट फ्रिप यांच्या किंग क्रिमसनमध्ये गेले, जेथे पैसा कमी आणि अनिश्चितता जास्त होती. फ्रिप यांनी तो संघ १९७४ मध्ये विसर्जित केला.

मोराझ १९७४ मध्ये येसमध्ये आले. रिक वेकमन बाहेर पडल्याने कीबोर्डची जागा रिकामी झाली होती. त्याआधी मोराझ यांनी ली जॅक्सन आणि ब्रायन डेव्हिसन यांच्यासह 'रेफ्युजी' या त्रिकूटात गिटारवाचून रॉक वाजवून दाखवले होते. येसच्या 'रिलेयर' या तबकडीतील पहिली रचना बावीस मिनिटांच्या आसपास चालते. तिच्यातील युद्धाचा कल्लोळ मोराझ यांच्या वाद्यांवाचून उभाच राहिला नसता. पण १९७६ च्या अखेरीस वेकमन परतले आणि मोराझ यांना जावे लागले.

येथे थोडे थांबून सनावळी पाहावी. ब्रुफर्ड यांचे येस संपले १९७२ मध्ये, किंग क्रिमसन संपले १९७४ मध्ये, मोराझ यांचे येस संपले १९७६ मध्ये. या प्रकारातील दोन प्रमुख वादकांच्या आयुष्यातील तिन्ही 'शेवट' पंकच्या आधीचे आहेत, आणि तिन्हींची कारणे घरातली आहेत : एकाचा कंटाळा, दुसऱ्याचा निर्णय, तिसऱ्याचे पुनरागमन. बाहेरून आलेल्या कोणत्याही शत्रूचा यात हात नाही.

आता प्रत्यक्ष १९७७ कडे वळू. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या अल्बमयादीत पहिल्या क्रमांकावर येसची 'गोइंग फॉर द वन' होती. मोराझ यांना बाजूला करून बनलेली तीच तबकडी. त्याच वर्षी इमर्सन लेक अँड पामर यांनी ॲरन कोपलँड यांच्या रचनेचे केलेले वाद्यसंगीतातील रूपांतर एकल तबकड्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. मेलेल्या माणसाची नाडी इतकी जोरात चालत नाही. सेक्स पिस्टल्सचे गायक जॉन लायडन यांचा पिंक फ्लॉइडचा द्वेष जाहीर करणारा टी-शर्ट सर्वांना ठाऊक असतो. तो या खटल्यातला आवडता पुरावा आहे. पण त्याच लायडन यांनी जुलै १९७७ मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या तबकड्या लावल्या, तेव्हा त्यांत प्रोग्रेसिव्ह रॉकमधील पीटर हॅमिल यांच्या रचना होत्या. अंगावरचे कपडे आणि घरातली कपाटे ही दोन वेगळी साधने आहेत. इतिहासकाराने दोन्ही उघडून पाहायची असतात.

मग काहीच बदलले नाही काय? बदलले, आणि पुष्कळ बदलले. मात्र बदलाचे मोठे कारण पैसा होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर तबकड्यांसाठी लागणाऱ्या प्लास्टिकचा तुटवडा झाला आणि किंमत चढली. १९७५ मध्ये वेकमन यांनी आर्थर राजाची कथा लंडनच्या वेम्ब्लीत बर्फावरील नृत्यासह सादर केली. टाळ्या मिळाल्या, हिशेब मात्र तोट्याचा लागला. इमर्सन लेक अँड पामर यांनी १९७७ मध्ये संपूर्ण वाद्यवृंद सोबत घेऊन अमेरिकेचा दौरा काढला आणि खर्च झेपेना म्हणून तो वाद्यवृंद वाटेतच घरी पाठवावा लागला. एक पद्धत परवडेनाशी झाली होती. पद्धत परवडेनाशी होणे आणि विचार संपणे यांत अंतर आहे, आणि नेमके ते अंतर मोराझ-ब्रुफर्ड यांची तबकडी मोजून दाखवते.

१९८३ हे वर्ष या दृष्टीने फार बोलके आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या मेळाव्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून एकमेकांशी 'बोलताना' दाखवले गेले. मिडी या प्रमाणपद्धतीचा तो आरंभ. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ बाजारात आला आणि थोड्याच काळात त्याचा काचेसारखा स्वच्छ आवाज जगभरच्या गाण्यांत ऐकू येऊ लागला. ड्रमयंत्रे वादकांची जागा घेऊ लागली होती. जुन्या प्रोग्रेसिव्ह संघांचे सदस्यही या नव्या ध्वनीकडे वळले. त्यांतल्या चौघांच्या 'एशिया' या संघाची पहिली तबकडी १९८२ मध्ये अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. त्या गाण्यांत लांबी नव्हती आणि विषम मात्राही फारशा नव्हत्या. येसने १९८३ मध्ये ट्रेव्हर हॉर्न यांच्या निर्मितीखाली काढलेले गाणे १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेत अव्वल ठरले. आश्चर्य असे की, या साऱ्याला इतिहासकार 'टिकून राहणे' म्हणतात आणि १९८३ च्या त्या द्वयवादनाला 'आडवाट'.

दोघेही यंत्रांपासून दूर राहणारे वैरागी नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. मोराझ तेव्हा मूडी ब्लूजमध्ये सिंथेसायझर वाजवत होते. त्या संघाची १९८१ ची तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती. ब्रुफर्ड पुन्हा उभ्या राहिलेल्या किंग क्रिमसनमध्ये होते आणि सिमन्स कंपनीचे षट्कोनी विद्युत् ड्रम्स गंभीरपणे हाताळणाऱ्या पहिल्या मोठ्या वादकांत त्यांची गणना होत होती. दोघांची घरे सरे परगण्यात एकमेकांपासून फार दूर नव्हती. आपापल्या मोठ्या संघांच्या कामांतून मिळालेल्या सवडीत ते एकत्र बसले, आणि बसताना विजेची वाद्ये दाराबाहेर ठेवून बसले. हा अभावातून आलेला साधेपणा नव्हता. दोघांनाही हवी ती यंत्रे मिळू शकत होती. त्यामुळे ही निवड आहे, आणि निवड ही इतिहासकाराच्या दृष्टीने सक्तीपेक्षा अधिक बोलणारी गोष्ट असते.

आता प्रत्यक्ष संगीत. बास नसल्याने मोराझ यांच्या डाव्या हातावर दुहेरी जबाबदारी येते : खालचे स्वर धरून ठेवायचे, आणि त्याच वेळी उजव्या हाताच्या धावेला आधार द्यायचा. 'चिल्ड्रन्स कॉन्सेर्तो' या आरंभीच्या रचनेत एखाद्या बालगीतासारखी निरागस धून येते, पण तिला सरळ चालू दिले जात नाही. ब्रुफर्ड यांच्या स्नेअरचा तो टणत्कार, काठीने कातडे आणि कडा एकाच वेळी छेडल्याने उमटणारा आणि शेकडो ड्रमरांतून ओळखू येणारा, अपेक्षित जागेच्या किंचित आधी किंवा नंतर पडतो. ऐकणारा मनात मात्रा मोजत असतो आणि त्याचा हिशेब चुकतो. दुसऱ्यांदा ऐकताना कळते की हिशेब वादकांचा बरोबर होता.

रॉकमधील ड्रमरचे पारंपरिक काम म्हणजे इतरांसाठी जमीन सपाट करून देणे. ते कोणी लक्षात घेत नाही, आणि लक्षात येऊ नये अशीच अपेक्षा असते. येथे मात्र दोनच वादक असल्याने ड्रम्सना पार्श्वभूमीत जायला पार्श्वभूमीच उरलेली नाही. पियानो हेसुद्धा मुळात हातोड्यांनी तारांवर आघात करणारे वाद्य आहे, याची आठवण ही तबकडी वारंवार करून देते. कित्येक जागी पियानो ताल देतो आणि ड्रम्स वाक्य पुरे करतात. 'सिमेट्री', 'गॅलेटिया', 'ब्लू ब्रेन्स' ही रचनांची नावे अजून त्याच जुन्या, काहीशा बौद्धिक मिजाशीची आहेत. तो मिजास थोडा सहन करावा लागतो.

तबकडीत उणिवा नाहीत असे मुळीच नाही. मोराझ यांना मोकळी जागा पाहवत नाही. जेथे एक स्वर पुरे झाला असता तेथे ते बारा देतात, आणि काही ठिकाणी तर केवळ बोटे चालतात म्हणून चालवलेली वाटतात. सत्तरच्या दशकात ज्या अतिरेकासाठी या पंथाला नावे ठेवली गेली, तो अतिरेक यंत्रे काढून घेतली तरी शिल्लक राहतो. पण हीच तर पुराव्याची गंमत. यंत्रांबरोबर गुणही गेले असते, आणि दोष तेवढा उरला असता, तर टीकाकारांचे म्हणणे खरे ठरले असते. येथे दोन्ही उरले आहेत : रचनेची शिस्त, मात्रांचे खेळ, लिहिलेले आणि आयत्या वेळी सुचलेले यांची सरमिसळ, आणि सोबत तो जुना वाचाळपणा. म्हणजे हे सारे पंथाच्या स्वभावातच होते. मूग सिंथेसायझर आणि धुराची यंत्रे ही त्याची वस्त्रे होती.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हलका नाही. पियानो आणि ड्रम्स यांचे शब्दाविण संवाद म्हणजे जॅझ. मग त्याला रॉक कशासाठी म्हणायचे? जॅझमध्ये अशी परंपरा निश्चितच होती. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली पियानोवादक सेसिल टेलर आणि ड्रमर मॅक्स रोच यांनी कोलंबिया विद्यापीठात केलेले द्वयवादन प्रसिद्ध आहे, आणि रोच हे तर ब्रुफर्ड यांच्या आदर्शांपैकी एक. तरीही फरक ऐकू येतो. टेलर-रोच यांच्या वादनात रचना वाजवता वाजवता जन्माला येते. मोराझ-ब्रुफर्ड यांच्याकडे बहुतेक वेळा आधी घर बांधलेले असते, त्याला दारे-खिडक्या असतात, आणि उत्स्फूर्तता त्या घरात वावरते. हा वास्तुरचनेचा सोस प्रोग्रेसिव्ह रॉकचा आहे. शिवाय हा वारसा फक्त इंग्लंडचाही नव्हता. स्वीडनमध्ये बो हान्सन आणि यान्ने कार्लसन हे ऑर्गन आणि ड्रम्स अशा दोनच वाद्यांचे युगुल १९६७ पासून तबकड्या काढत होते, आणि त्यांची 'टॅक्स फ्री' ही रचना जिमी हेंड्रिक्स यांना इतकी भावली की त्यांनी ती स्वतः ध्वनिमुद्रित केली. पुढे कार्लसन अभिनयाकडे वळले आणि स्वीडनमध्ये लोकप्रिय नट झाले. हान्सन यांनी टोल्कीनच्या कादंबरीवरून स्फुरलेले वाद्यसंगीत १९७० मध्ये प्रसिद्ध केले, जे नंतर ब्रिटनमध्येही खपले. म्हणजे कीबोर्ड आणि ड्रम्स ही जोडी या पंथाच्या उगमाशीही उभी होती. १९८३ मध्ये ती परत आली, तर तिला परकी म्हणण्याचे कारण नाही.

दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, या जोडीची दुसरी तबकडी 'फ्लॅग्ज' आली. तोवर किंग क्रिमसन पुन्हा एकदा थांबले होते. या वेळी दारे उघडली गेली : मोराझ यांनी कुर्झवाइलचे डिजिटल कीबोर्ड आणले, ब्रुफर्ड यांनी सिमन्सचे ड्रम्स. एका रचनेचे नाव तर प्रतिभावंतांनी चालवलेल्या यंत्रांविषयी आहे. मॅक्स रोच यांच्या 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' या एकट्या ड्रम्ससाठीच्या रचनेला ब्रुफर्ड यांनी तेथे दिलेले रूप आजही ताजे वाटते. बाकीच्या तबकडीवर मात्र १९८५ ची तारीख ठळक छापलेली आहे. ज्या यंत्रांनी ती तेव्हा आधुनिक वाटली, त्यांनीच ती आता जुनी वाटते. १९८३ ची तबकडी कोणत्या साली केली असावी हे अनोळखी श्रोत्याला सांगता येणार नाही.

मग ही तबकडी विसरली का गेली? कारण शोधायचे तर साधनांकडे जावे लागते. ब्रिटिश रॉकचा इतिहास मुख्यतः साप्ताहिकांवरून लिहिला गेला : न्यू म्युझिकल एक्सप्रेस, मेलडी मेकर, साउंड्स. १९७६ नंतर या साप्ताहिकांत तरुण लेखकांची जी पिढी पुढे आली, तिची स्वतःची ओळख पंकच्या बाजूने उभे राहण्यातून घडली होती. त्यांनी जे लिहिले ते प्रामाणिकपणे लिहिले; पण विजेत्या पक्षाच्या बखरीला बखर म्हणूनच वाचावे लागते. पुढच्या पुस्तककारांनी त्या बखरीतील सन उचलला आणि १९७७ नंतर या पंथाचे दप्तर चाळणेच थांबवले. जे दप्तर उघडलेच जात नाही, त्यात काही नव्हते असा निष्कर्ष काढणे ही आपल्या विद्याशाखेतील जुनी खोड आहे. दुसरीकडे या पंथाचे भक्तही कमी दोषी नाहीत. त्यांना लांबी हवी असते, मुखपृष्ठावरची स्वप्नभूमी हवी असते. पियानो आणि ड्रम्स एवढेच पाहून तेही पुढे जातात. दोन्ही पक्षांनी वस्त्रांनाच शरीर मानले, या बाबतीत त्यांचे एकमत आहे.

दोघांच्या पुढच्या वाटांमध्येही एक उपरोध आहे. मोराझ १९९१ मध्ये मूडी ब्लूजपासून वेगळे झाले, आणि आपण त्या संघाचे पूर्ण सदस्य होतो की बोलावलेले वादक, हा प्रश्न अमेरिकेतील न्यायालयात गेला. सुनावणी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. संघ नेमका कोणाचा, ही या साऱ्या पिढीची जुनी दुखरी जागा होती. दोघांच्याच तबकडीत तो प्रश्न उद्भवत नाही. ब्रुफर्ड यांनी १९८६ मध्ये 'अर्थवर्क्स' हा जॅझसंघ उभारला आणि त्यात तरुण इंग्रज वादकांना घेतले. २००९ मध्ये त्यांनी जाहीर वादनातून निवृत्ती घेतली, आणि २०१६ मध्ये सरे विद्यापीठातून ड्रमरांच्या सर्जनशीलतेवर संशोधन करून पीएच.डी. मिळवली. ज्या वादकांना कोणी विचारतच नाही त्यांना काय वाटते, हा प्रश्न त्यांनी अभ्यासाचा विषय केला.

त्याच २००९ मध्ये मोराझ आणि ब्रुफर्ड यांनी १९८५ साली टोकियोत केलेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण प्रथमच प्रसिद्ध झाले. चोवीस वर्षे ते पडून होते. मंचावर दोनच माणसे आहेत. समोर जपानी श्रोते आहेत, जे शांतपणे ऐकतात आणि रचना संपल्यावरच टाळ्या वाजवतात. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या मृत्युलेखावरची शाई तेव्हा आठ वर्षे जुनी होती.